लघिमासिद्धी

वयाची सत्तरी गाठलेल्या चालकाने वैद्यकीय दाखला दाखल न केल्यास त्याचा अधिकार ३,५०० किलोपर्यंतच्या वाहनांपुरता मर्यादित करावा, असा ब्रिटिश सरकारचा दंडक असल्यामुळे, तेथील जुनाट मोटरहोमच्या वयोवृद्ध मालकांनी आरंभिलेली लघिमासिद्धीची साधना सर्वथैव वंदनीय होय. शंभर लिटरची पाण्याची टाकी रिती करताच शंभर किलोंचे पाप क्षालन पावते. तदनंतर लाकडी कपाटे, शेगडी, गाद्या आणि अखेरीस स्वखुशीने आगगाडीने प्रस्थान ठेवणारी गृहिणी, असा या वैराग्याचा क्रम आहे. आमची नम्र सूचना इतकीच की, मुक्कामी एखाद्या हॉटेलात निजण्याची तजवीज केल्यास भिंती व छप्पर यांनाही बडतर्फ करता येईल, आणि गृहस्थाश्रम व संन्यासाश्रम एकाच चार चाकांवर सुखेनैव नांदतील. मात्र या तपश्चर्येच्या अंती साधकाने एक बाब ध्यानी घ्यावी: परवान्याच्या कामी सरकार वजनकाट्याचा कौल मानीत नाही, तर गाडीवरील पट्टीवर नमूद केलेला कमाल वजनाचा आकडाच ग्राह्य धरते, सबब घर रिते करूनही पट्टी जुनीच राहिल्यास साधक गुन्हेगारच ठरतो. पट्टीचे स्वतःचे वजन काही ग्रॅम.