पॅरासाहेब

पॅरासाहेब कधी रागावत नाहीत. ते आक्षेप नोंदवतात. विरार लोकलने रोज मरीन लाइन्सला जाऊन त्यांनी महालेखाकारांच्या कचेरीत उभी हयात काढली. आता निवृत्त आहेत, म्हणजे पगार थांबलाय, तपासणी चालू आहे. दर चार वाक्यांनी "याचा पॅरा होतो", म्हणजे ऑडिट अहवालात आक्षेपाचा परिच्छेद होतो, असं म्हणायची सवय, म्हणून हे नाव. वसईत परेरा पुष्कळ, त्यामुळे नवा पोस्टमन त्यांना नाताळच्या शुभेच्छा देतो. ते त्या घेतात आणि पोच देतात.

त्यांच्या मते जगातला कुठलाही दोष पाच खणांत बसतो: निकष, वस्तुस्थिती, कारण, परिणाम, शिफारस. चहा उशिरा झाला की निकष सातचा, वस्तुस्थिती सव्वासातची आणि परिणाम असा, की पेपर कोरडाच वाचावा लागला. काकूही या भाषेत तयार झाल्या आहेत. "सिलिंडर संपल्याने विलंब झाला. यापुढे दक्षता घेण्यात येईल," असं त्या ओट्यापासूनच कळवतात. "आणि अहो, नंबर लावायचं तुम्ही विसरलात, तेवढं कारणाच्या खणात लिहा." पॅरा तिथेच वगळला जातो.

मासळीबाजारात "पापलेट ताजं आहे" हे त्यांच्या लेखी नुसतं विधान. कोळीण कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवते: "दादा, हा बघ तुझा पुरावा!" पॅरासाहेब तिला मनोमन सलाम करतात. पुरावा पुरेसा हवा, विषयाला धरून हवा आणि विश्वासार्ह हवा, एवढं समजायला नव्या ऑडिटरची उमेदवारी सरते. हिला कल्ला उचलायला क्षणही लागत नाही.

पैशाचा हिशेब तपासणाऱ्यांनी नदीच्या भानगडीत का पडावं, असं विचारायची सोय नाही. ते लगेच 1971 चा कायदा काढतात. पर्यावरणासाठी कॅगला, म्हणजे महालेखाकारांच्या वरच्या महालेखापरीक्षकांना, वेगळा कायदा नाही; याच कायद्याखालच्या अधिकारात नदीही येते आणि कचराही. 2008 साली देशातल्या कचरा व्यवस्थापनावर आणि 2011-12 मध्ये जलप्रदूषणावर कॅगचे स्वतंत्र अहवाल निघाले, 2013 मध्ये जयपूरला पर्यावरण लेखापरीक्षणाचं आंतरराष्ट्रीय केंद्रच उभं राहिलं. तिथल्या प्रशिक्षणाहून पॅरासाहेब एक पिशवी आणि एक सिद्धान्त घेऊन आले. पिशवी काकूंनी भाजीला लावली. सिद्धान्त अजून आमच्या कानांवर आदळतो: विशेषण हा ऑडिटरचा शत्रू. "'नदी भयंकर घाण आहे' असं लिहा, खात्याचं उत्तर येतं, 'इतकीही नाही.' संपलं! नमुना कुठून घेतला, कोणत्या तारखेला, मर्यादा किती, निघालं किती, एवढंच लिहा. मग बघा, उत्तर लिहिणाऱ्याचं पेन कसं अडतं. रडायचं असेल तर अग्रलेख लिहावा."

त्यांचा भाचा पर्यावरण अभियंता. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिका आयुक्तांना महापालिका अधिनियमाच्या कलम 67अ प्रमाणे दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. असे मसुदे करून देणाऱ्या एका सल्लागाराकडे हा चिकटला. एका रविवारी तो मसुदा घेऊन आला. कुठल्या शहराचा, ते त्याने सांगितलं नाही आणि मसुदा वाचूनही ते कळण्यासारखं नव्हतं.

पॅरासाहेबांनी लाल पेन्सिल काढून मोठ्याने वाचलं: "'जलस्रोतांची स्थिती सर्वसाधारणपणे समाधानकारक असून आवश्यक ती कार्यवाही प्रस्तावित आहे.' समाधान कोणाला झालं?"

"मामा, सर्वसाधारणपणे..."

"सर्वसाधारणपणे हा गृहस्थ कुठल्या खात्यात आहे? आणि प्रस्तावित म्हणजे कोणी, कोणाला, कधी? पुढे बघ, 'दक्षता घ्यावी'. ही शिफारस नव्हे, आशीर्वाद झाला. ज्या वाक्याला कर्ता नाही, ते काम कोणाच्या टेबलावर जाईल? चल, दाराशीच एक पॅरा लिहून बघू. आज विषय बावखल."

बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. पावसाचं पाणी ते धरून ठेवतं, जमिनीत मुरवतं, आजूबाजूच्या विहिरी गोड्या ठेवतं. एके काळी त्यावर रहाट फिरे आणि केळीच्या बागा भिजत. पॅरासाहेबांचं म्हणणं असं, की यादी करणारा माणूस मोठे तलाव मोजतो आणि बावखलाशी त्याची पेन्सिल थकते. जे मोजलंच नाही, ते बुजवलं तरी तोटा निरंक!

मामा भाच्याला एका वाडीकडे नेत होते. भाचा मात्र आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्येच थबकला. "मामा, लहानपणी मी बेडूक पकडायला इथेच यायचो ना?"

सोसायटीची फाइल निघाली. मागची सखल जागा मुरूम टाकून सपाट करण्याचा ठराव. जागेची पाहणी: निरंक, परिसरावर परिणाम: निरंक. खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष त्या वेळी पॅरासाहेब होते. भाच्याने पाच खण आखले आणि एकही विशेषण न वापरता भरले. कारणाच्या खणात लिहिलं, "अध्यक्षांनी पाहणी न करता सही केली." परिणामात लिहिलं, "त्यामुळे जुलै 2018 मध्ये तळमजल्यात पाणी शिरले."

आम्ही श्वास रोखला. पॅरासाहेबांनी कारणाला हात लावला नाही, परिणामावर पेन्सिल टेकवली. "तेव्हा नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी होतं, गाड्या बंद होत्या, अर्धी वसई बुडाली होती. ते सगळं माझ्या सहीमुळे? 'पाणी साठण्याची व मुरण्याची जागा नष्ट झाली' एवढंच सिद्ध होतं, तेवढंच लिही. पुराव्याच्या पुढे एक शब्द गेलास, की तुझा अख्खा पॅरा पाडायला मला तोच पुरेल."

मग त्यांनी स्वतःच्या नावे हाफ मार्जिन काढलं. सरकारी मराठीत याला अर्धसमास पत्र म्हणतात: अर्ध्या पानावर आक्षेप, उरलेलं अर्धं उत्तरासाठी कोरं. उत्तरात त्यांनी लिहिलं, "तत्कालीन परिस्थितीत सभासदांची निकड विचारात घेऊन..." वाचलं, चष्मा पुसला आणि खाली लाल शेरा मारला: "उत्तर मान्य करता येत नाही. परिच्छेद कायम."

वार्षिक सभेत शिफारस वाचली गेली: मुरूम काढून बावखल 31 मेपूर्वी मोकळं करावं, जबाबदारी माजी अध्यक्षांची. इतका सुबक पॅरा सोसायटीत कोणी ऐकला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकमताने ठराव केला, की अहवालाची नोंद घेण्यात आली असून आवश्यक ती कार्यवाही प्रस्तावित आहे.

"कोणी? कोणाला? कधी?" पॅरासाहेब उभे राहिले. तोवर सभासद बटाटेवड्यांपाशी पोहोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमधून एकच स्कूटर बाहेर आली. पॅरासाहेबांनी ती रस्त्याकडेला लावली, वर ताडपत्री घातली आणि आम्ही विचारायच्या आत सांगून टाकलं, "अंशतः अनुपालन. पॅरा चालू आहे."