कायमस्वरूपी ‘भावी’ असलेल्या नगरसेवकांस

बसथांब्याच्या छतापासून विजेच्या खांबापर्यंत ज्यांचे हात बारा महिने जोडलेले असतात, अशा माननीय भावी नगरसेवकांस सादर प्रणाम.

‘भावी’ हे विशेषण व्याकरणाच्या दृष्टीने भविष्यकाळाचे आहे; आपल्या बाबतीत मात्र ते पदच होऊन बसले आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, पुण्यासह इतर अनेक महापालिकांची त्याच सुमारास संपली, प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरचे वाद न्यायालयात रेंगाळले आणि मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे, म्हणजे लोकांनी न निवडलेल्या अधिकाऱ्याकडे, होता. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन ज्याच्या दारी जावे असा नगरसेवक उरला नव्हता, भावी नगरसेवक मात्र चौकागणिक तीन होते आणि तिघेही दिवाळी, दहीहंडी, दहावीचा निकाल व साहेबांचा वाढदिवस यांच्या शुभेच्छा सारख्याच कळकळीने देत होते. निवडणूक झाली, निकाल लागला, आपणांस तिकीटदेखील मिळाले नाही. तरीही फलक जागच्या जागी होता आणि त्याच्याआड थांब्यावरचे बसक्रमांकही जागच्या जागी झाकलेले होते.

या फलकाची वंशावळ सिनेमाची आहे. १९३०च्या दशकात एम. एफ. हुसेन मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरत होते. म्हणजे एखादा चेहरा मोठा करायचा तर कुणाला तरी तो हाताने रंगवावा लागे, आणि त्यामुळेच फार चेहरे मोठे होत नसत. फ्लेक्सने, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या आणि संगणकीय यंत्रावर चौरस फुटाच्या दराने छापून मिळणाऱ्या कापडाने, ही अडचण दूर केली आणि गावोगावच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना घरी बसवले. काळा चष्मा, पांढरे बूट, मागे डरकाळी फोडणारा वाघ, हे सारे आपण पडद्यावरूनच घेतले. फरक एवढाच की पोस्टरामागोमाग शुक्रवारी चित्रपट लागतो आणि पडला तर पुढच्या आठवड्यात उतरतो, आपले मात्र चार वर्षे नुसते पोस्टरच चालले.

विनापरवाना फलक लावणाऱ्यास महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा १९९५चा कायदा लागू होतो, पण ज्याचे नाव, छायाचित्र आणि पत्ता फलकावरच छापलेला असतो तो आरोपी सहसा सापडत नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला कोसळलेल्या जाहिरातफलकाखाली १७ माणसे मेली, तो फलक व्यापारी होता, आपला नव्हता, हेही मान्य.

खरा सल फलकाच्या तळाशी आहे. फलकाची रचना तीन मजली असते: वर नेत्यांची ओळ, मधे आपण पूर्णाकृती, आणि खाली पासपोर्टाएवढ्या चेहऱ्यांची पट्टी, जिला ‘शुभेच्छुक’ असे म्हणतात. पक्ष फुटला की वरची ओळ बदलते, तशी ती २०२२ मध्ये बदलली आणि २०२३ मध्येही. खालची पट्टी तीच राहते. त्या पट्टीतली मुले विशीतली आहेत, त्यांच्यापैकी कुणी दिवसभर दुचाकीवरून दुसऱ्यांचे जेवण पोचवतो, कुणी कंत्राटी कामावर आहे, कुणी पोलीसभरतीसाठी पहाटे मैदानावर धावतो. २०२४च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर. अशा मुलाकडून आपण त्याच्या चेहऱ्याची वर्गणी घेता. सिनेमात गर्दीत उभे राहणाऱ्यालाही दिवसाचा भत्ता मिळतो. आपल्या सिनेमात गर्दीच निर्मात्याला पैसे देते! गॅस भरायला घरात पैसे नसताना ज्याने पाचशे रुपये काढून दिले, त्याला आपण काय दिले? वीतभर चौकोन, टोपणनाव आणि कधीतरी एक वडापाव. या व्यवहाराला समाजकार्य म्हणायला जीभ तरी कशी उचलते?

येथे एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. जुन्या फलकांची छायाचित्रे पाहिली तर त्या खालच्या पट्टीत, डावीकडून सहावा, आपला स्वतःचाही चेहरा सापडतो. पट्टीतून मधल्या मजल्यावर चढायला आपणांस काही वर्षे, एक गुंठा आणि वहिनींचे दागिने लागले, छपाईवाल्याची उधारी अजून फिटलेली नाही, आणि वरच्या ओळीतल्या कुणालाही आपले पूर्ण नाव ठाऊक नाही, असे चौकात बोलले जाते. ज्या शहरात माणसाला त्याच्या कामाने कुणी ओळखत नाही, तेथे निदान दहा बाय वीस फुटांवर तरी आपण दिसावे, ही इच्छा हसण्यासारखी नाही. आपण फसवलेत हे खरे, पण आधी फसलात हेही खरे.

गेल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसात आपला फलक सुटला आणि थांब्याशी बसणाऱ्या भाजीवालीच्या पाटीवर पडला. दोन जुड्या कोथिंबीर चेंगरली. तिने भरपाई मागितली नाही, फलकच ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचे छत झाले, छापील बाजू आत, त्यामुळे टोमॅटो निवडणाऱ्या गिऱ्हाइकाने मान वर केली की जोडलेले हात दिसतात. कापड लांबीला जास्त भरले म्हणून तिने विळीने खालची पट्टी कापली, ती पिळून तिची दोरी केली आणि चारी बांबू त्या दोरीनेच आवळून बांधले.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपल्या प्रभागातील
एक विद्यमान मतदार