तेरावा कुत्रा

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, हास्यक्लबात जातात, नातवंडं सांभाळायला अमेरिकेत जातात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले व्हायेबिलिटी काका फ्रँचायझी बघायला जातात. बघायला म्हणजे मुलगी बघायला जावं तसंच. पोहे खातात, चार खोचक प्रश्न विचारतात, 'कळवतो' म्हणून उठतात आणि जिन्यातच नकार पक्का करतात. आजवर त्यांनी अमृततुल्य चहा, रक्ततपासणीचं कलेक्शन सेंटर, प्लेस्कूल आणि ईव्ही चार्जिंग अशी बरीच स्थळं बघितली. एकाशीही सोयरीक जमलेली नाही.

त्यांचं खरं नाव पार्किंगमधल्या पाटीवर आहे, पण ते कुरियरवाल्याखेरीज कुणी वापरत नाही. सारी हयात एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात गेली. समोरच्या माणसाची स्वप्नं ऐकायची, मान डोलवायची आणि शेवटी 'प्रपोजल फीजिबल आहे हो, पण व्हायेबल नाही' म्हणायचं, हा त्यांचा पेशा. बँकेने सत्काराला घड्याळ आणि शाल दिली, पण ते वाक्य काढून घ्यायला ती विसरली. आता काकू पडदे बदलायचे म्हणाल्या तरी काका आधी जुन्या पडद्यांचं उरलेलं आयुर्मान विचारतात.

अशी माणसं आपल्याकडे ढिगाने आहेत. ग्रॅच्युइटी, पीएफ मिळून हातात रक्कम आलेली असते. ती नुसती पडून राहिली तर कमीपणा वाटतो आणि हलवली तर झोप लागत नाही. मग रक्कम जागेवर ठेवून स्वतःच हलत राहायचं, हा त्यावरचा मराठी तोडगा. गुजराती शेजारी धंदा करतो, आपण धंद्याचा अभ्यास करतो, आणि अभ्यास आपला जास्त चांगला असतो याबद्दल निदान माझ्या मनात शंका नाही.

तर मध्यंतरी काकांच्या हाती कुत्र्यांच्या ट्रेनिंग स्कूलच्या फ्रँचायझीचं माहितीपत्रक आलं. काकांना कुत्र्यांची भीती वाटते. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचा पग असला तर ते जिन्याने जातात. पण बँकेत असताना त्यांनी पोल्ट्रीचीही कर्जं तपासली होती आणि त्यासाठी कोंबडीवर प्रेम असावं लागलं नव्हतं.

बाणेरच्या एका हॉटेलात रविवारी प्रेझेंटेशन होतं. सोबतीला मला नेलं. व्यासपीठावर एक जर्मन शेफर्ड आणि एक टाय लावलेला तरुण होता. तरुणाने कुत्र्याला 'स्टे' म्हटलं आणि कुत्रा पुतळ्यासारखा बसला. मग तरुण 'आजच टोकन भरणाऱ्यांना' म्हणाला आणि सगळं सभागृह उठून जेवणाकडे चालायला लागलं. शिस्त कुणाची पक्की, ते तिथेच दिसलं.

काका मात्र पहिल्या रांगेत वही उघडून बसून. तरुण पावलॉवबद्दल बोलत होता, की बघा, कुत्र्यांच्या ट्रेनिंगवर या रशियन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. काकांनी हात वर केला. "१९०४ चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामाला आहे. आणि पावलॉवला कुत्र्यांपासून पैसा मिळाला, तो त्यांचा जठररस अपचनाचं औषध म्हणून विकून. त्यावर प्रयोगशाळेला चांगली कमाई होत असे. तो खरा धंदा, कारण गिऱ्हाईक महिन्याने परत येतं. तुमच्याकडे परत कोण येतं?"

तरुण गोंधळला. प्रश्न मात्र वर्मी बसणारा होता. चहावाल्याचं गिऱ्हाईक दिवसातून दोनदा येतं. इथे शिकवणी नीट झाली तर कुत्रा शहाणा होऊन कायमचा जातो, आणि नीट झाली नाही तर मालक चिडून कायमचा जातो. दोन्ही वाटा फाटकाबाहेर.

जेवणाच्या रांगेत काकांनी पुढचा प्रश्न टाकला. बंद पडलेल्या केंद्रांची यादी मिळेल का? अमेरिकेत, म्हणे, करारावर सही करण्याआधी किमान १४ दिवस २३ मुद्द्यांचा एक दस्तऐवज द्यावाच लागतो आणि त्यात सोडून गेलेल्या फ्रँचायझींची माहितीही असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही, सगळी मदार १८७२ च्या करार कायद्यावर. म्हणून निदान माणुसकीच्या नात्याने यादी द्या. तरुण हसून म्हणाला, "सर, आम्ही पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंटवाले. निगेटिव्ह गोष्टी बोलतच नाही." काकांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्यांदा गुलाबजाम घेतला.

मग अप्रेझल सुरू झालं. सकाळी साडेसहाला काका बागेबाहेरच्या बाकावर, दोन्ही पाय वर घेऊन. मांडीवर एलआयसीची जुनी डायरी. तिच्यात रकाने: जात, अंदाजे वय, मालकाची गाडी, आणि शेवटचा रकाना 'दोरी कोणाच्या हातात'. हा शेवटचा रकाना एमबीएवाल्यालाही सुचला नसता. लॅब्राडोरची दोरी ड्रायव्हरच्या हातात, गोल्डनची वॉचमनच्या हातात, हस्कीला सांभाळणारा मुलगा मागल्याच आठवड्यात कामाला लागलेला. "शिकवणी कुत्र्याची नसते, दोरी धरणाऱ्याची असते," काका म्हणाले. "फी मालक भरणार, शिकणार ड्रायव्हर, आणि दिवाळीचा बोनस घेऊन ड्रायव्हर गावाला जाणार. कुत्रा पुन्हा पहिलीत."

त्यानंतर आम्ही चालू असलेलं एक केंद्र बघायला गेलो. तिथे एक पोरगेला ट्रेनर होता, कमरेला पट्ट्याची पिशवी, तिच्यात उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. समोर सहा महिन्यांचं लॅब्राडोर. त्याने तुकडा पिल्लाच्या नाकासमोर धरला आणि हात हळूच डोक्यावरून कानांच्या दिशेने मागे नेला. पिल्लाची नजर तुकड्याबरोबर वर गेली, मान मागे झाली आणि ढुंगण आपोआप खाली टेकलं. टेकल्याक्षणी पोरगा 'येस' म्हणाला आणि तुकडा तोंडात. आधी नाही, नंतर नाही, नेमका त्याच क्षणी. असं पाच-सहा वेळा झाल्यावर त्याने रिकामा हात तसाच फिरवला, तरी पिल्लू बसलं. ना आरडाओरडा, ना हिसका. मी बघत राहिलो. मालकीणबाई फोनवर बोलत होत्या. काकांची नजर मात्र भलतीकडेच होती. तास संपल्यावर पोराने केंद्राचं कार्ड न देता स्वतःचा मोबाइल नंबर बाईंना हळूच सांगितला. काकांनी डायरी मिटली.

"अ‍ॅसेट फाटकाबाहेर चालला," ते रिक्षात म्हणाले. "कंपनीचं नाव पाटीवर, पण गिऱ्हाईक या पोराचं. उद्या हा सोडून गेला तर करारातलं कलम दाखवून त्याला अडवता येईल? करार कायद्याचं २७ वं कलम बघ. नोकरी सोडल्यावर माणसाला त्याच्या धंद्यापासून रोखता येत नाही."

आता आकडे. काकांचं व्यक्तिचित्र आकड्यांशिवाय काढणं म्हणजे त्यांना चष्म्याशिवाय उभं करणं. एकूण गुंतवणूक १५ लाख, त्यातले ८ लाख परत न मिळणारी फी, करार ५ वर्षांचा. सहा आठवड्यांच्या कोर्सचे कुत्र्यामागे १२,००० रुपये. मैदानाचं भाडं, दोन ट्रेनर आणि किरकोळ मिळून महिन्याला १,२५,००० खर्च. रॉयल्टी आणि जाहिरात मिळून उलाढालीवर १० टक्के. नफ्यावर नव्हे, उलाढालीवर. म्हणजे आपण बुडत असलो तरी कंपनी तरंगते. शिवाय त्या १० टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी.

अकरा कुत्रे आले तर तोटा. बारावा आला की २,००८ रुपये हाती राहतात. आणि महिन्याला चौदा धरले तर वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाते, म्हणजे जीएसटीची नोंदणी आणि रिटर्न भरणं आलं. "बाराव्या कुत्र्यापर्यंत आपण कंपनीसाठी राबायचं, चौदाव्यापासून सरकारसाठी," काकांनी डायरीवर पेन्सिल आपटली. "आपला म्हणावा असा कुत्रा एकच. तेरावा!"

"तिन्हीसांजेला तेरावं-बारावं काय काढताय?" काकू आतून ओरडल्या.

तेराव्या कुत्र्यावर सगळं जुळून आलं तर महिना १२,५९२ रुपये. हेच १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी महिना १०,२५० पडतात, तिमाहीला ३०,७५० थेट खात्यात, आणि पाच वर्षांनी मुद्दल शाबूत. फरक २,३४२ रुपयांचा. तेवढ्यावर एखादा डगमगला असता. पण काकांनी ८ लाखांची फी साठ महिन्यांत पसरवली. महिन्याला १३,३३३. म्हणजे तेरावा कुत्राही ७४१ रुपयांनी तोट्यात! हा आकडा निघाला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मुलाच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

अहवाल अकरा पानी झाला. त्यात 'असंघटित क्षेत्रातील स्पर्धा' असा एक परिच्छेद आहे आणि त्यात काकूंचा नामोल्लेख न करता उल्लेख आहे. पार्किंगमध्ये एक गावठी कुत्रा असतो, काकू त्याला रोज पोळी घालतात. पोळी हातात धरून त्या 'थांब' म्हणतात, तो थांबतो. 'बस' म्हणतात, बसतो. 'काकांच्या अंगावर जाऊ नकोस' एवढं मोठं वाक्यही त्याला समजतं. गुंतवणूक शून्य, रॉयल्टी शून्य. करारात तंटा झाला तर गुरुग्रामच्या कोर्टात जा असं लिहिलं होतं. इथला तंटा काकू पार्किंगमध्येच मिटवतात. पोळी आधी दाखवायची आणि बसल्याक्षणीच द्यायची, हे त्यांना कुणी शिकवलं म्हणून मी विचारलं. "कुणी शिकवायला कशाला हवं?" त्या म्हणाल्या. "दोन मुलं आणि हे, एवढे वाढवले की."

टायवाल्या तरुणाचे फोन चालूच राहिले. आधी 'सर, निर्णय झाला का?', मग 'सर, ऑफर वाढवली आहे', आणि मग हळूहळू 'सर, माझ्या होमलोनचं बॅलन्स ट्रान्सफर करू का?' काकांनी त्याचे हप्ते कमी करून दिले. तो 'सर'वरून 'काका'वर आला आणि रविवारी चहाला यायला लागला. काका फ्रँचायझी घेत नाहीत हे खरं, पण त्यांच्या फुकट सल्ल्यावर अर्ध्या सोसायटीचे पैसे वाचलेत, हेही तितकंच खरं. नाही म्हणणारा माणूस गल्लीत एक तरी असावा.

परवाच्या रविवारी तो तरुण टाय न लावता आला. बरोबर चिकनच्या पिशवीवाला पोरगा. दोघांनीही नोकरी सोडली होती. स्वतःचं काम सुरू करायचं: एक दुचाकी, दोन दोऱ्या, घरी जाऊन शिकवायचं, आणि दोरी धरणाऱ्यालाच आधी शिकवायचं. मैदान नाही, भाडं नाही, रॉयल्टी नाही. ड्रायव्हर बदलला तर नव्यासाठी अर्ध्या फीत उजळणी, म्हणजे गिऱ्हाईक परत येणार. काकांच्या अहवालातली एकेक खोट धरून त्यांनी ती बुजवली होती. भांडवल हवं होतं दोन लाख. "काका, तुम्ही भागीदार व्हा."

काकांनी चष्मा लावला. कागद उलटसुलट केले. पेन्सिलीने बेरजा तपासल्या, मग पेनाने तपासल्या. चहा निवला. फट कुठे सापडेना, तसतसे ते अस्वस्थ व्हायला लागले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "व्हायेबल दिसतंय." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही सगळेच सरसावून बसलो.

"जामीनदार कोण?" काकांनी विचारलं.

दोघे पोरगे एकमेकांकडे बघायला लागले.

"मी राहते जामीन," काकू ट्रे उचलत म्हणाल्या.

काकांनी फाइल बंद करून पोरांकडे सरकवली. "सावकाराच्या घरातला जामीन बँकेत चालत नाही."