घर कुठी पाहून रायले?

अमरावतीला किंवा अकोल्याला बदलीचा हुकूम निघाला की माणूस आधी नकाशा बघतो, मग किरायाचे दर बघतो आणि मग त्याला काकाजी सापडतात. खरं म्हणजे काकाजींना तो सापडतो. ते चहाच्या टपरीवर असतात, बँकेत पासबुक छापायच्या रांगेत असतात, एसटी स्टँडवर दुसऱ्याच्या सामानाशेजारी उभे असतात. बाहेरगावचा माणूस त्यांना चालण्यावरून कळतो. एप्रिलमध्ये रस्त्याच्या मधून चालणारा इथला असूच शकत नाही; इथला माणूस भिंतीची सावली धरून चालतो. काकाजी हात आडवा करतात आणि विचारतात, "काऊन सायेब, घर पाहून रायले का?"

काकाजी दलाल नव्हेत. दलाल एका महिन्याचा किराया घेतो आणि पुन्हा ओळख दाखवत नाही. काकाजी छदाम घेत नाहीत, उलट चहा पाजतात. त्या बदल्यात तुमचा पुढचा सगळा संसार त्यांच्या मताप्रमाणे चालावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. पाटबंधारे, वीज मंडळ, जिल्हा परिषद किंवा एखादी शाळा, यांपैकी कुठून तरी ते निवृत्त झालेले असतात. डोक्याला दुपट्टा, खिशात उन्हासाठी कांदा, आणि डोक्यात साऱ्या गावचे रिकामे ब्लॉक.

तुमचं बजेट किती, हे ते विचारतच नाहीत. मुलाखत "मूय गाव कोनतं?" पासून सुरू होते, आडनावावरून सासुरवाडीवर जाते, आणि तुम्ही रत्नागिरीचे असा की लातूरचे, पाच मिनिटांत त्यांच्या साडभावाच्या व्याह्यांकडे तुमची कोणीतरी मावशी दिलेली निघते. नातं लागलं की खरा प्रश्न येतो. "घरात पानी कोन भरते?"

नवा माणूस इथं चमकतो. त्यानं हवेशीर घर, शाळा जवळ, भाजीबाजार जवळ, असं काहीतरी मनात धरलेलं असतं. काकाजींच्या डोक्यातल्या नकाशात रस्ते नाहीतच, नळाच्या लाइनी आहेत. अमरावतीचं पाणी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून येतं. अकोल्याचं महानच्या काटेपूर्णा धरणातून. कुठली टाकी कोणत्या नगराला पाणी देते, लाइनच्या शेवटच्या घरापर्यंत ते किती दमून पोचतं, हे त्यांना पाठ असतं. वरच्या माळ्यावरचं झकास घर दाखवलंत तर ते खालूनच मान हलवतात. "वारा लय हाय सायेब, पन नयाले ताकद नाई." पावसाळ्यात अप्पर वर्धाची तेराही दारं उघडली की काकाजी ती बघायला जातात आणि परत येऊन सांगतात, "आता वर्षभर पाहाचं काम नाई." तेव्हाही त्यांच्या कॉलनीत नळ दिवसाआडच येत असतो, पण धरण भरलेलं आहे याचा आनंद वेगळा.

घरमालक म्हणाला, "बोअर आहे ना!" तर काकाजी गप्प होतात. मालकाच्याच पेल्यात ते पाणी मागवतात आणि मालकासमोर तुम्हाला प्यायला लावतात. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुलीपासून पार अकोटकडे खारपाणपट्टा पसरला आहे. तिथलं जमिनीतलं पाणी खारट, त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्या बाजूच्या नव्या ले-आउटची जाहिरात बोअरच्या खोलीवर असते, चवीवर नसते. तुमचा चेहरा वाकडा झाला की काकाजी मालकाला म्हणतात, "वरनात मीठ टाकाचं काम नाई, नाई का?"

पाण्यानंतर माती. रंग, टाइल्स, मॉड्युलर किचन यांकडे काकाजी बघत नाहीत. ते भिंतीतली भेग शोधतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर बसलेलं घर दरवर्षी थोडं थोडं इकडेतिकडे सरकतं. पाया खोल नेला नसेल तर पहिल्याच दोन उन्हाळ्यांत भिंत सही करून देते. काकाजींची कसोटी नाण्याची. "एक रुपया गेला तं चालते. जुनं जाड पाचाचं नानं गेलं, तं घर मालकालेच ठेवू द्या."

अमरावतीच्या पूर्वेला मात्र मुरूम आणि दगड. वडाळी, छत्री तलाव, तपोवन, मार्डी रोडवरचं विद्यापीठ, त्यापलीकडे पोहऱ्याची टेकाडं. पाया टणक, हवा थंड, झाडी भरपूर. एकच गोष्ट दलाल सांगत नाही ती काकाजी सांगतात. त्या बाजूला बिबट येतो. विद्यापीठ १९८३ साली स्थापन झालं. बिबट त्याच्याही आधीचा रहिवासी, त्यामुळे कोण कुणाच्या परिसरात शिरलं हा वादाचा विषय आहे. काकाजींचं मत बिबटाच्या बाजूनं पडतं. "थो रात्री येते, कोनाशी बोलत नाई, निंगून जाते. अन् तुमच्या फाटकासमोर गाडी तं नाई लावत." नवा माणूस त्याच संध्याकाळी पश्चिमेकडची घरं बघायला लागतो.

उन्हाबद्दल काकाजींना विलक्षण अभिमान आहे, अकोल्याच्या काकाजींना तर जास्तच. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं. दंगलीसाठी असलेलं कलम उन्हासाठी वापरलं गेलं, असं गाव आणखी कोणतं आहे सांगा, असं ते पाहुण्याला आव्हान देतात. म्हणून घर बघायची त्यांची वेळ एकच, मे महिन्यात दुपारी तीन. सकाळी घर दाखवणारा मालक त्यांच्या लेखी चोर. पश्चिमेच्या भिंतीला ते तळहात लावतात, मोजून पाच श्वास, आणि मग निकाल देतात. खोल्या किती, हा प्रश्न इथं गौण. कूलर कोणत्या खिडकीत बसेल आणि त्याचा वारा कोणत्या दारानं बाहेर पडेल, यावर घराची लायकी ठरते. वारा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर तासाभरात खोलीचा दमट हौद करतो. आणि तो कूलर दिवसाला बादल्यांनी पाणी पितो, म्हणजे आपण फिरून "पानी कोन भरते?" पाशीच येतो. काकाजींचं तर्कशास्त्र पक्कं आहे.

मग मोहल्ल्यांचा निवाडा. अमरावतीत परकोटाच्या आत, बुधवारा, अंबागेट, खोलापुरी गेट या बाजूला राहणारा अंबादेवीला पायी जातो. बाहेरचा गाडीवर जातो आणि गांधी चौकात गाडी लावायला जागा शोधण्यात त्याचं दर्शन होतं. कॅम्प सायबांचा. राजापेठ दुकानदारांची. रुक्मिणीनगर, गाडगेनगर इथं पोरं बिघडत नाहीत, असं काकाजी म्हणतात. त्यांची स्वतःची तिथंच वाढली, त्यामुळे पुरावा तपासायची सोय नाही. शेगाव नाक्याला घर घेतलंत तर पुण्यामुंबईचे नातलग "वा, महाराजांच्या जवळ!" म्हणतात आणि गजानन महाराजांचं शेगाव ते हे नव्हे, हे सांगण्यात पहिलं वर्ष जातं. ज्यांच्याकडे पाव्हणे फार येतात त्यांनी बडनेऱ्यापासून लांब राहावं. मुंबई-हावड्याची मुख्य लाइन बडनेऱ्यावरून जाते, अमरावतीला फाटाच आहे, त्यामुळे पहाटे तीनला उतरलेला पाहुणा बडनेरा रोडवर ओळखीचं दार शोधत येतो.

अकोल्यात मोर्णेनं गाव कापलंय आणि त्याचे भाग पेठ, फैल, प्लॉट, नगर अशा आडनावांनी ओळखले जातात. जुन्या शहरात राजराजेश्वराचं देऊळ. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात. त्या रात्री जुन्या शहरातल्या घरात झोप येईल का, असं विचारणाऱ्याला काकाजी घरच दाखवत नाहीत. जठारपेठेत सगळं मिळतं, गाडी लावायला जागा सोडून. गोरक्षण रोड चांगला आहे, असं ते मोघम म्हणतात, म्हणजे तिथं त्यांच्या ओळखीचं कोणी नाही.

पंचाईत होते ती नवराबायकोच्या दोन बदल्या दोन गावांत झाल्यावर. एक अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, दुसरं अमरावतीच्या विद्यापीठात. राहायचं कुठं? इथं दोन काकाजी समोरासमोर येतात. अमरावतीचे पहिला पत्ता टाकतात. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्याच्या यादीत अमरावती 'वाय' वर्गात आहे, अकोला 'झेड' वर्गात, आणि वायचा भत्ता झेडच्या दुप्पट. "सरकारनंच सांगतलं ना बाप्पा, कोनतं गाव केवढं." अकोल्याचे म्हणतात, भत्ता दुप्पट म्हणजे किरायाही तसाच, बाकी काय उरतं ते अंबादेवीला ठाऊक. मग रस्त्याचा विषय निघतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. अमरावतीचे काकाजी हा आपल्या गावचा मान समजतात. अकोल्याचे शांतपणे म्हणतात, "अमरावतीतून लोकाईले लवकर निंगता यावं, म्हनून येवढी घाई केली." तेवढ्यात मूर्तिजापूरचे तिसरे काकाजी उगवतात. तेही बिनपगारी. "मधात राहा. दोघाईले सारखाच तरास." शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा यवतमाळ आणि अचलपूर दोन्हीकडच्या गाड्या त्यांच्याच गावावरून सुटत, त्यामुळे मध्यावर राहण्याचं शास्त्र आपल्याकडेच आहे असं ते मानतात. शेवटी नवराबायको अपडाऊन करतात आणि तिन्ही काकाजी आपलंच ऐकलं असं सांगत फिरतात.

काकाजींची खरी कारागिरी बघायची तर खेड्यावर नेमणूक झालेल्या गुरुजीचं घर ठरवताना बघावी. नियमानं मुख्यालयी राहायचं, त्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव. काकाजी दोन घरं शोधतात. कागदावरचं घर खेड्यात, दोन खोल्या, मालक सरपंचांचा मामेभाऊ, नळ चोवीस तास. खरं घर शहरात, साईनगरात. "एक घर सरकारले दाखवाचं, एक बायकोले." कागदावरच्या घराला कधी ओल येत नाही आणि भिंतीला भेग पडत नाही, म्हणून त्यांचं मन त्याच घरात जास्त रमतं.

त्यांचा अधिकार जिल्ह्यापुरता आहे असं समजू नका. भाचा अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस गावी बदलून गेला आणि त्यानं फोनवर सांगितलं की डब्लिन घ्यावं की पॉवेल, ते शाळा पाहून ठरवणार. घर ज्या शाळेच्या हद्दीत, पोरांना तीच सरकारी शाळा. काकाजींनी आधी गावाच्या नावावर बोट ठेवलं. "थो कोलंबस आपल्याकडं याले निंगाला अन् रस्ता चुकला. त्याच्या गावात पत्ता काय इचारता?" मग पाणी कुठलं? सायोटो नदीवरच्या धरणाचं. किती दिवसांआड? रोज, चोवीस तास. काकाजींचा यावर विश्वास बसला नाही. कागदावरचं घर दिसते, असं त्यांनी काकूंना हळूच सांगितलं. घराखाली तळघर आहे, वादळ आलं की त्यात बसायचं, हे मात्र त्यांना पटलं. "आपल्याकडं उन्हायात पाहिजे होतं." आणि कूलर? कूलर नाही, हीटर. काकाजी बराच वेळ बोलले नाहीत. "उन्हायाच नाई? मंग लोकं तिकडं एकमेकांशी बोलतात कायचं?"

इतकं सगळं तपासून, धरण, माती, भेग, ऊन, बिबट, भत्ता, कावड, या सगळ्यांतून गाळून काकाजी ज्या घराला पसंती देतात ते घर नेमकं त्यांच्या समोरचं किंवा शेजारचं असतं. त्या घरात बोअर खारट असला तरी 'चालून जाते', पश्चिमेची भिंत तापत असली तरी 'संध्याकाळी गच्चीवर बसता येते', आणि पाचाचं नाणं त्या दिवशी घरीच विसरलेलं असतं. त्यांची पोरं पुण्याला, बेंगळुरूला गेलेली असतात. गच्चीवर बोलायला माणूस पाहिजे.

लोक तिथं राहतातही. ताप आला तर काकाजी रात्री अकराला डॉक्टरला झोपेतून उठवून आणतात, रोडग्यांच्या कार्यक्रमाला तुमचं नाव आधी लिहितात, गॅसचं सिलिंडर संपलं तर आपलं देतात. तुम्ही पाणी किती वेळ भरता, कूलर रात्री किती वाजता बंद करता, याचीही नोंद ठेवतात. हे दोन्ही एकाच किरायात येतं.

तेव्हा तुमची इकडं बदली झाली असेल तर काकाजींचा पत्ता शोधू नका, ते तुम्हाला गाठतीलच. घर मे महिन्यात बघा, दुपारी तीनला, आणि खिशात पाचाचं एक जाड नाणं ठेवा. फक्त त्यांच्या समोरच्या घराला हो म्हणण्याआधी नळ कधी येतो, किती वेळ राहतो आणि वरच्या माळ्यावर चढतो का, हे काकूंना विचारा. काकाजींना तो विषय धरणापासून टाकीपर्यंतच माहीत आहे. घरात पाणी काकूच भरतात.