तुमच्या चिरंजीवांची दाढ

रेडिंग,
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा,


हे पत्र ताईंना मेल करतेय. त्या मोठ्या अक्षरात छापून आणून देतील, त्यामुळे बाबा, चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

तिळगुळाचं पार्सल पोचलं. तुमच्या वड्यांनी दाढ दुखावली असा चिरंजीवांचा आरोप आहे. आई, मुळीच मनावर घेऊ नका. दाढेचं बंड आधीच सुरू होतं, वडी फक्त निमित्ताला सापडली. फोनवर ते तुम्हाला "काही नाही, जरा शिवशिवतंय" एवढंच सांगतात, म्हणून खरा वृत्तांत मी लिहिते.

सुरुवात थंड पाण्याने झाली. कळ यायची आणि लगेच जायची. असं पुष्कळांना होतं. बारीक कीड असते, हिरडी सरकलेली असते, सिमेंट भरून भागतं. पण पुढे ती कळ आपल्या नानामामांसारखी वागू लागली. आली की बसायची, निघायचं नाव नाही. मग गरम सोसेना. तापातसुद्धा दोन कप चहा रिचवणारा माणूस कप बघून मागे सरकला, तेव्हा मी दवाखान्याला फोन लावला.

वेळ मिळेपर्यंतच्या रात्री विचारू नका. आडवं झालं की ठणका वाढायचा. दाताच्या आतली नस सुजली तरी तिला फुगायला जागा नसते, चारी बाजूंनी भिंती; त्यात आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. म्हणून चिरंजीव सोफ्यावर बसून झोपायचे. शेवटी तर जानेवारीच्या थंडीत फ्रिजमधलं पाणी तोंडात धरून बसायचे, कारण तेवढ्यानेच बरं वाटायचं. मला वाटलं, चला, उतार पडला. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून मान हलवली. गरमाने ठणका आणि गाराने आराम, म्हणजे नस बहुतेक कामातून गेली.

गंमत म्हणजे हे बोट दाखवत होते खालच्या दाढेकडे आणि गुन्हेगार निघाली वरची. दाताच्या आतल्या नसेला दुखतंय एवढंच कळतं, कुठे ते नेमकं सांगता येत नाही. सूज मुळाच्या टोकाबाहेर उतरली की मगच चावताना नेमका दात सापडतो. म्हणून बाईंनी गार केलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावला. शेजारच्या दातांची कळ काही सेकंदांत ओसरली. त्या वरच्या दाढेला लावला आणि चिरंजीवांनी खुर्चीचा हात जो धरला तो बोळा काढल्यावरही सोडला नाही. मग आरशाच्या दांड्याने टकटक, मग एक्स-रे, आणि निकाल: रूट कॅनॉल.

आई, तुमच्या लवंगेचा मान राहिला बरं का. लवंगेतलं युजेनॉल दातांचे डॉक्टरही औषधात वापरतात. पण त्याने दात तात्पुरता बधिर होतो, आतली नस बरी होत नाही. चिरंजीवांनी तेलाचा बोळा रात्रभर हिरडीवर दाबून ठेवला, तर हिरडी पोळली ती वेगळीच.

"काढूनच टाका" असाही हट्ट करून झाला. इथे सरकारी सेवेत सिमेंट भरा, रूट कॅनॉल करा की दात उपटा, तिन्हींना एकच भाव: एप्रिल २०२५ मध्ये तो ७५.३० पौंड होता. वर कॅप बसवली तर मात्र तेव्हा ३२६.७० पडायचे. बाबा, तुम्हाला राजकारण आवडतं म्हणून सांगते. १९४८ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा कवळ्यासुद्धा फुकट होत्या. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या-चष्म्यांना पैसे लावायचं ठरवलं, तर ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अनायरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीपायी खुर्ची सोडणारा माणूस आपल्याकडे दाखवा!

आता मुद्द्यावर येते, बाबा. पान उलटू नका.

गणपतीत तुमची दाढ ठणकत होती. रात्र रात्र बसून काढलीत, मग एका सकाळी दुखणं आपोआप थांबलं आणि तुम्ही "डॉक्टरला दमडी न देता बरा झालो" असं सगळ्या सोसायटीला सांगितलंत. मी बाईंपुढे तुमचीच केस मांडली. न बघता खात्रीने सांगणार नाही म्हणाल्या, पण इतकं ठणकून एकाएकी शांत झालेला दात बरा झालेला नसतो, बहुधा आतली नस मेलेली असते. दुखायला कोणी शिल्लकच नाही. आई म्हणतात त्या हिरडीवर एक पुळी येते, फुटते, तोंड खारट होतं, पुन्हा येते. म्हणजे मुळाशी साठलेल्या पुवाने बाहेर पडायला वाट काढली असावी. वाट मोकळी आहे म्हणून दुखत नाही. दात काळपट दिसतो ते चहाचे डाग नसणार. चहाने एकच दात कसा रंगेल?

मेडिकलमधून गोळ्या आणून चालवू नका. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, गोळी आत पोचणार कशी? त्यात तुमची शुगर. आणि आई, त्यांचा गाल सुजून सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप आला किंवा गिळायला त्रास झाला, तर ताईंना रात्री उठवून थेट हॉस्पिटल गाठा.

ताईंनी मंगळवारी संध्याकाळी सहाची वेळ घेतली आहे. एक्स-रे काढल्याशिवाय परत येऊ नका आणि त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा. मंगळवारी अमावस्या आहे असं बाबा म्हणतील. मी कालनिर्णय बघितलंय. नाही.

तुमची,
सूनबाई