पैकीच्या पैकीहून थोडे अधिक

नोकरी पत्करण्याआधी मालकाची सांपत्तिक स्थिती तपासावी, असे जाणते सांगतात. या कसोटीवर महाराष्ट्राची 2023 ची तलाठी भरती खणखणीत उतरली. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज 10 लाखांच्या वर, शुल्क खुल्या गटाला 1000 रुपये आणि राखीव गटाला 900. एकाही नव्या तलाठ्याला पगार देण्याआधीच मालकाकडे शंभर कोटींच्या घरात रक्कम! खासगी कंपन्या मात्र अजून माल विकूनच पैसा मिळवतात, बिचाऱ्या. खरे तर इतका चालता धंदा निकाल लावून बंद करण्याची घाई कशाला? भरती कायम चालू ठेवावी. नेमणुका जोडधंदा म्हणून, सवडीने.

आता तयारीविषयी. परीक्षा अनेक सत्रांत झाली, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या. अवघड-सोप्याचा फरक मिटवायला गुणांचे सामान्यीकरण झाले आणि गुणवत्ता यादीत एका उमेदवाराला 200 पैकी 214 गुण मिळाले. काही कोत्या मनाच्या मंडळींनी यावर ओरड केली. होतकरूंनी तिकडे लक्ष न देता एवढेच ध्यानात ठेवावे, की पैकीच्या पैकी मिळवणारा आता काठावरचा समजावा.

शिवाय हे गणित सातबाऱ्याला फार सोयीचे आहे. याच प्रमाणात 10 एकरांच्या उताऱ्यावर 10 एकर 28 गुंठे सहज बसतील. वरचे 28 गुंठे कोठून आले, हे बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याने विचारू नये. त्याचे सामान्यीकरण झाले आहे.