मागचे मामा धूसर

लग्नाच्या व्हिडिओसाठी लेन्स निवडताना माझ्यासारख्याच्या मनात खरा प्रश्न प्रकाशाचा नसतोच. तो लेन्सच्या तोंडाच्या घेराचा असतो. ८५ मिमी, एफ १.२ ही लेन्स लावली की पाहणाऱ्याला आधी काच दिसते, मग मी. पण दिसतो तेव्हा जरा मोठाच दिसतो. त्यावर कॅननची लाल कडी असली, तर पहूरच्या मांडवातल्या वाढप्यालाही आपण थेट मुंबईहून आलोय असं वाटावं, इतकीच माझी माफक अपेक्षा. तरी माझं म्हणणं आहे की खान्देशातल्या लग्नात ही लेन्स कामाची नाही, आणि पुरावा साध्या गणिताचा आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ही लेन्स पूर्ण उघडून दोन मीटरवरच्या नवरीवर फोकस धरला, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली भरते जेमतेम चार सेंटिमीटर. नथ लख्ख, झुमके ढगात. आणि मंगलाष्टकांना रीतीप्रमाणे मागे उभे असलेले मामा? त्यांचा नुसता फेट्याच्या रंगाचा डाग उरतो. याला आम्ही मंडळी 'सिनेमॅटिक' म्हणतो. मामा काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. याउलट ३५ मिमी, एफ ४ वर तीन मीटरवर फोकस धरा: साधारण सव्वादोनपासून सव्वाचार मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट. त्यात नवरी, अंतरपाट, भटजी आणि दोन्हीकडचे मामा, मानपानासकट मावतात.

यावर पहिला आक्षेप प्रकाशाचा, आणि तो खोटा नाही. एफ १.४ आणि एफ ४ यांच्यात तीन स्टॉपचं अंतर, म्हणजे आठपट प्रकाश. स्टॅनली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) मधले काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले ते मुळात नासासाठी बनवलेल्या झाइसच्या ५० मिमी, एफ ०.७ लेन्सने, हा दाखला आमच्या धंद्यात मंत्रासारखा म्हटला जातो. पण तिथे नटांना जवळजवळ पुतळ्यासारखं बसावं लागलं, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे मेणबत्त्या नसतात, जनरेटर आणि एलईडीच्या भिंती असतात, आणि वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांना 'हलू नका रे भाऊ' म्हणायची छाती कुणाची?

दुसरा आक्षेप असा की मोठी काच नसेल तर कलेचं काय. याचं उत्तर द्यायला खान्देशातच एक माणूस होता. चाळीसगावचे केकी मूस. जन्म १९१२ चा, विलायतेत शिकून आलेले, आणि परतल्यावर १९८९ मध्ये जाईपर्यंत घराबाहेर क्वचितच पडलेले. टेबलावर वस्तू मांडून त्यांतून अख्खं दृश्य उभं करायचं, ही त्यांची टेबल-टॉप छायाचित्रणाची कला. (टेबलावरचे जिन्नस जेवायला उठत नाहीत, हा त्यातला मोठाच फायदा.) मुद्दा लेन्सचा आहे हे मला कळतंय, पण मूस यांच्यापाशी आलं की पाय निघत नाही. प्रेयसी पंजाब मेलने येईन म्हणाली होती, म्हणून ते रोज ती गाडी जाईपर्यंत वाट पाहत, असं लोक सांगतात. दंतकथा असेल. पण खोलीतल्या खोलीत जग उभं करणाऱ्या माणसाला तिकडच्या लोकांनी हीच कथा का चिकटवली असेल? एखादा माणूस चौकटीत यावा म्हणून किती थांबायचं, हे मूस यांना आमच्यापेक्षा जास्त समजलं होतं, एवढं मात्र खरं.

माझी चीड इथेच आहे. आम्ही चौकटीत आलेल्या माणसांना पैसे घेऊन पुसतो. लग्नाचा व्हिडिओ वीस वर्षांनी कुणी उघडतो तो नवरा-नवरीसाठी नाही. ती दोघं घरातच असतात, आणि एव्हाना एकमेकांना पुरेशी पाहून झालेली असतात. उघडतात तो मागच्या खुर्चीवर बसलेल्या, आता नसलेल्या आजीसाठी. आणि तिच्या जागी दिसतात दिव्यांचे गोल गोल सुंदर ठिपके.

म्हणून माझी निवड: एफ ४ ची सर्व्हो झूम, उदाहरणार्थ सोनीची १८-११०. झूम केलं तरी तिचा फोकस सुटत नाही. फोटोसाठीच्या बहुतेक झूम लेन्स इथेच दगा देतात. 'सावधान' म्हटलं की अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, आणि भटजी रीटेक देत नाहीत. शिवाय मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, धुळीच्या पटांगणात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरलाच हळद लावणं. रात्रीच्या वरातीसाठी ५० मिमी, एफ १.८ ची स्वस्त, किरकोळ दिसणारी लेन्स पिशवीत असावी. तिच्याने मात्र कुणावर छाप पडत नाही, हे सोसावं. उरलेल्या पैशांत दोन चांगले कॉलर माइक घ्यावेत, पण ते भटजी आणि नवरदेवापुरतेच. आत्याबाई व्हिडिओत दिसल्या नाहीत तर भांडण होतं. ऐकू आल्या तर ते पुढच्या पिढीपर्यंत चालतं.